उधारीच्या वहीतलं ब्लडप्रेशर

भांडुपला टेकडीच्या चढावर आम्ही राहायचो, तेव्हा फॅमिली डॉक्टर म्हणजे घरातलंच माणूस. दवाखान्यात लाकडी बाकडं, पडद्यामागे कंपाउंडर आणि मिक्श्चरच्या बाटलीवर डोस मोजायला चिकटवलेली कातरलेली कागदी पट्टी! डॉक्टर सांगत, आम्ही मान डोलवत असू.

दादांना ब्लडप्रेशर निघालं. रोज सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी. पण रात्रपाळीच्या आठवड्यात दादा कारखान्यातून येऊन थेट आडवे व्हायचे, गोळी राहायची. डॉक्टरांनी विचारलं, की म्हणायचे, "हो, घेतो ना." ते रागावतील ही भीती! प्रेशर उतरेना म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. मग एका आठवड्यात आईने सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी दिल्या आणि दादा चक्कर येऊन मोरीत पडले. कपाळाला चार टाके.

चूक कुणाची? दादांनी सांगितलं नाही आणि डॉक्टरांनी पाळी विचारली नाही.

त्या दिवसापासून चौथी शिकलेली माझी आई वाण्याच्या उधारीच्या वहीत मागल्या पानांवर लिहू लागली : पाळी कुठली, गोळी घेतली की चुकली, चक्कर आली का. डॉक्टरांनी ती पानं वाचली. वाढवलेली गोळी काढली आणि रात्रपाळीला उरलेली गोळी कामावर निघण्यापूर्वी, जेवणानंतर घ्यायला सांगितली. पुढे ते आधी वही मागत, मग नाडी बघत.

१९७८ साली अल्मा-आटाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जाहीर केलं, की आरोग्यसेवेच्या आखणीत आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. आपल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी त्याआधीच, १९७० साली, काम सुरू केलं होतं. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. तेव्हा "आम्हाला काय कळतंय?" ही सबब आपण शहरातल्यांनी तरी सांगू नये.

आज हृदयाचा डॉक्टर वेगळा, साखरेचा वेगळा. या सगळ्यांच्या गोळ्या एकत्र पाहणारा फॅमिली डॉक्टर म्हणूनच हवा. पण त्याला घरची खरी हकिकत आपणच सांगायची. गोळी कशासाठी, किती दिवस, चुकली तर काय करायचं, हे बिनधास्त विचारायचं. आणि न विचारता बंद करायची नाही.

दादांची ती वही अजून आहे. पुढल्या पानांवर साखर, तेल, तूरडाळ. मागल्या पानांवर दादा.