नियमपुस्तकातील वंश आणि कादंबरीतील दिनक्रम

मराठी कादंबरीच्या पहिल्या दोन दशकांतच तिच्या लेखकांनी एक अडचण नोंदवून ठेवलेली आहे. नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या 'मंजुघोषा' या कादंबरीच्या प्रस्तावनेत आपल्या समाजाच्या चालीरीती, विशेषतः विवाहाची पद्धती लक्षात घेता, लोकांच्या आयुष्यात मन वेधून घेणारे फारसे काही घडत नाही, असे मत मांडले. रोज अनुभवास येणाऱ्या गोष्टीच लिहिल्या तर त्यांत चमत्कृती राहत नाही. म्हणून रंजक ग्रंथ लिहावयाचा झाल्यास अद्भुताचाच आश्रय करावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून या लेखनाची परखड चिकित्सा केली. दैनंदिन जीवन आणि अद्भुत यांना परस्परविरोधी मानण्याची मराठी समीक्षेची सवय इतकी जुनी आहे.

या विरोधाची मांडणी सामान्यतः 'वास्तव' आणि 'अवास्तव' अशी केली जाते. ती अपुरी आहे. अद्भुतामध्ये राक्षस असतात, उडते घोडे असतात, हे त्याचे वैगुण्य नव्हे. वैगुण्य असलेच तर ते निराळ्या ठिकाणी आहे, आणि ते नेमके कोठे आहे हे पाहण्यासाठी अद्भुताचे आजचे सर्वांत लोकप्रिय रूप, म्हणजे अद्भुतरम्य खेळ, तपासणे उपयुक्त ठरते.

वंशांचा तक्ता

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. या खेळात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र घडवितो आणि सूत्रधाराने सांगितलेल्या कथेत त्या पात्राच्या वतीने निर्णय घेतो. पात्र घडविताना एक महत्त्वाची निवड करावी लागते ती वंशाची. मानव, एल्फ, ड्वॉर्फ, हॉबिट असे हे वंश असून त्यांची बरीचशी सामग्री जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या ग्रंथांतून आलेली आहे. हक्कांविषयी आक्षेप आल्यानंतर 'हॉबिट' हे नाव बदलून 'हाफलिंग' करण्यात आले. पुढे संगणकावर आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर आलेल्या असंख्य खेळांनी हाच साचा उचलला.

या साच्याची विसंगती त्याच्या नियमांत स्पष्ट दिसते. १९७४ च्या नियमांनुसार ड्वॉर्फ योद्धा सहाव्या पायरीपर्यंत चढू शकतो, हॉबिट चौथ्या पायरीवर थांबतो. मानवाला मात्र अशी मर्यादा नाही. कर्तृत्वाची कमाल पातळी जन्मानेच ठरते. १९७७ च्या प्राणिकोशात ऑर्क हा सबंध वंश 'दुष्ट' म्हणून नोंदविला आहे. यातून खेळाडूंमध्ये एक जुना वाद उत्पन्न झाला: ऑर्कांची वस्ती जिंकल्यावर तेथे सापडलेल्या तान्ह्या मुलांचे काय करावयाचे? मूल अद्याप काही करण्याच्या वयाचे नाही. तरीही तक्त्यानुसार ते दुष्टच आहे. स्वतः टॉल्किन यांनाही ऑर्क हे जन्मतःच पापी मानावेत की नाही, हा प्रश्न अखेरपर्यंत सतावत होता.

सर्वांत उद्बोधक उदाहरण १९८१ च्या प्राथमिक आवृत्तीचे आहे. तीत मानवाला योद्धा, मांत्रिक, पुरोहित, चोर अशा व्यवसायांतून निवड करता येते. परंतु 'ड्वॉर्फ', 'एल्फ' आणि 'हाफलिंग' हेच व्यवसाय आहेत. म्हणजे जन्म आणि वृत्ती यांत भेदच उरत नाही. अमेरिकन खेळाडूला ही केवळ सोयीची तडजोड वाटली असेल. मराठी वाचकाला मात्र हा नियम अनोळखी वाटण्याचे कारण नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात वर्णसंकरातून उत्पन्न झालेल्या जातींची यादी असून त्यांतील बहुतेकींना त्यांचे काम नेमून दिलेले आहे. दोन वंशांच्या संबंधातून जन्मलेल्या 'हाफ-एल्फ'साठी तक्त्यात नवी ओळ आखणे आणि दोन वर्णांच्या संबंधातून जन्मलेल्यास नवी जात बहाल करणे, या दोहोंमागील तर्क एकच आहे. मिश्रणाने तक्ता मोडत नाही; तो फक्त लांबतो.

खानदेशातील नोंदी

हा तर्क खेळापुरता मर्यादित राहिला असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु त्याच धर्तीच्या तक्त्यांनी जळगाव व धुळे परिसरातील माणसांच्या आयुष्यावर प्रत्यक्ष परिणाम केलेला आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला. १८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशाविषयीचा बारावा खंड प्रसिद्ध झाला. त्यातील लोकसंख्येच्या प्रकरणाची रचना जातवार आहे: प्रत्येक जातीजमातीचे रूप, पोशाख, घर, आहार, व्यवसाय आणि त्याच ओघात स्वभाव. माहितीच्या दृष्टीने हा खंड आजही मोलाचा आहे. परंतु पोशाख आणि स्वभाव या दोन गोष्टी एकाच स्वरूपाच्या माहितीसारख्या एकापाठोपाठ येतात, तेथे वर्णनाचे रूपांतर नियमपुस्तकात होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच रूपांतर शासनव्यवहारात आणले आणि १९११ च्या कायद्याने ते मुंबई इलाख्यातही लागू होऊ शकले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. 'जन्माने गुन्हेगार' ही कल्पना मात्र लोकव्यवहारातून तितक्या सहजपणे गेली नाही.

प्रत्यक्ष इतिहास या तक्त्याला जुमानत नाही, याचा पुरावा खानदेशातच आहे. ज्या भिल्लांकडे राज्यकर्ते लुटारू म्हणून पाहत होते, त्यांच्यातूनच जेम्स आउट्रम याने १८२५ मध्ये धरणगाव येथे खानदेश भिल्ल पलटण उभी केली. खाज्या नाईक हे काही काळ सेंधवा घाटाच्या वाटेवरील बंदोबस्ताचे सरकारी काम पाहत होते. तेच १८५७-५८ च्या उठावाचे नेते झाले. रक्षक, आरोपी आणि बंडखोर या तिन्ही भूमिका एका माणसाच्या आयुष्यात सामावल्या. यावल-रावेर परिसरातील तडवी भिल्ल वंशपरंपरेने भिल्ल आणि धर्माने मुसलमान आहेत. त्यांना कोणत्या रकान्यात बसवावयाचे, हा प्रश्न रकाने आखणाऱ्याला पडतो. त्यांना स्वतःला जगताना तो पडण्याचे कारण नाही.

भाषेच्या बाबतीतही हेच दिसते. अद्भुत खेळात प्रत्येक वंशाला एक भाषा असते: ड्वॉर्फांची ड्वॉर्फी, ऑर्कांची ऑर्की. चोपडा किंवा शिरपूर येथील आठवडे बाजारात मात्र एकच माणूस घरी पावरी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, शेजारच्या दुकानदाराशी लेवा वा गुजर बोली आणि कचेरीत प्रमाण मराठी बोलताना आढळू शकतो. त्याची भाषा त्याच्या जन्मावरून नव्हे, तर त्याच्या दिवसावरून ठरत असते.

दिनक्रमाचे कार्य

येथे कादंबरीचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. जन्माच्या तक्त्यात जे मावत नाही ते 'दिवस' या एककात मावते. आणि दिवस हे कादंबरीचे मूलभूत एकक आहे. रिसबुडांना ज्यात सांगण्याजोगे काही सापडले नाही, तीच सामग्री पुढे कादंबरीचे बळ ठरली. याचे सर्वांत ठळक उदाहरण यावल तालुक्यातील सांगवी येथे १९३८ साली जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांचे आहे.

'कोसला' (१९६३) मध्ये खानदेशातील खेड्यातून पुण्यास शिकावयास गेलेल्या पांडुरंग सांगवीकराचे आयुष्य येते. वसतिगृहाची खोली, खाणावळीचा हिशेब, परीक्षा, मित्रांबरोबरच्या निरुद्देश गप्पा, घरून येणारे पैसे, यांतून ही कादंबरी घडते. तिचा एक भाग चक्क दैनंदिनीच्या रूपात आहे. 'शेतकऱ्याचा मुलगा' किंवा 'खेडवळ विद्यार्थी' असा एखादा रकाना पांडुरंगासाठी आखता येईल. परंतु कादंबरी वाचून संपेपर्यंत तो रकाना निरुपयोगी ठरलेला असतो. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा त्याच्यावर होणारा आघात कोणत्याही वर्गाच्या वा जातीच्या स्वभावलक्षणातून काढता येत नाही. त्याच्यामागे त्या घरातील अनेक दिवस उभे असावे लागतात.

लेखकाचा स्वतःचा दिनक्रमही येथे विचारात घ्यावा लागतो. नेमाडे यांनी अहमदनगर, धुळे, तत्कालीन औरंगाबाद अशा ठिकाणी इंग्रजीचे अध्यापन केले. तासिका, भाड्याची खोली, शिक्षककक्षातील राजकारण, उत्तरपत्रिका यांनी भरलेले हे आयुष्य बाह्यतः कादंबरीस प्रतिकूलच. 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या चार कादंबऱ्यांत चांगदेव पाटील हा प्राध्यापक गावे आणि महाविद्यालये बदलत जातो, तेव्हा हीच सामग्री कथानकाची जागा घेते. नव्या गावात गेल्यावर तेथील लोक प्रथम त्याची जात अजमावू पाहतात, गट ठरवू पाहतात. म्हणजे तक्ता या कादंबऱ्यांतही आहेच. फरक एवढाच की, येथे तो लेखकाचे साधन नसून पात्रांच्या हातातील हत्यार आहे. कादंबरी तक्ता वापरीत नाही. तक्ता कोण, कशासाठी वापरतो, हे ती दाखविते.

नेमाडे यांनी समीक्षक म्हणून मराठी कादंबरीच्या तीन आरंभीच्या प्रवृत्ती 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) या कृतींच्या आधारे सांगितल्या आणि त्यांतील पहिलीस श्रेष्ठ मानले. विधवांचे प्रत्यक्ष जगणे पाहणारी 'यमुनापर्यटन' आणि अद्भुतात रमणारी 'मुक्तामाला' यांतील अंतर त्यांनी नैतिक मानले, ते या दृष्टीने समजून घेता येते.

दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, खेळाला नियम लागतात. चार मित्रांनी संध्याकाळी बसून खेळावयाच्या खेळाकडून कादंबरीच्या सूक्ष्मतेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. शिवाय खेळ स्वतः बदललेला आहे. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात 'वंश' या संज्ञेच्या जागी 'प्रजाती' या अर्थाची संज्ञा आली आणि शक्ती, बुद्धी आदी गुणांतील वाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडण्यात आली. हा बदल अर्थपूर्ण आहे. कारण तो जन्माकडून चरित्राकडे जाणारा आहे. तथापि हे पूर्वायुष्यही १६ ठरावीक प्रकारांच्या यादीतूनच निवडावे लागते. खेळ कादंबरीच्या दिशेने सरकला आहे. यादी मात्र त्याला सोडता आलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यादीचा मोह कादंबरीलाही असतो. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) मध्ये पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोरगावी परततो आणि त्याच्या स्मृतीतून जाती, जमाती, पंथ, बोली यांचा प्रचंड पसारा उलगडतो. या कादंबरीत गावगाड्यातील जातिव्यवस्थेचे उदात्तीकरण झाल्याची टीका काही समीक्षकांनी केलेली आहे. ती टीका सहजपणे बाजूला सारता येणार नाही. जेथे एखादी जात तिच्या गुणांसह, प्रेमाने का होईना, नोंदविली जाते, तेथे कादंबरीकार गॅझेटियरच्या लेखकाजवळ जातो. प्रशंसेचा तक्ताही तक्ताच असतो. जेथे तीच माणसे एखाद्या विशिष्ट दिवशी, विशिष्ट पेचात बोलू लागतात, तेथे तो त्याच्यापासून दूर होतो. या कादंबरीचे मूल्यमापन करताना सबंध कृतीविषयी एकच निवाडा देण्यापेक्षा तिच्यातील या दोन प्रकारच्या जागा वेगळ्या करून पाहणे अधिक फलदायी ठरेल.

निष्कर्ष

अद्भुत आणि दैनंदिन यांतील विरोध हा असत्य आणि सत्य यांचा विरोध नाही. ज्या अद्भुत कथेत एखाद्या ऑर्काला सकाळी पाणी भरावे लागते, आजारी आईसाठी औषध आणावे लागते, ती कथा अद्भुत राहूनही तक्त्याबाहेर पडलेली असते. उलट, पूर्णतः वास्तव तपशिलांनी भरलेली ग्रामीण कथाही पाटील म्हणजे जुलमी, सावकार म्हणजे लोभी असे गृहीत धरून चालली, तर ती नियमपुस्तकच लिहीत असते. कादंबरीच्या अध्यापनात म्हणून 'हे घडू शकते काय?' या प्रश्नाइतकाच 'या पात्राला स्वतःचा दिवस आहे काय?' हा प्रश्न विचारला जावयास हवा. आज महाविद्यालयात येणारा विद्यार्थी वंशांचे तक्ते खेळातून सहज आत्मसात करून आलेला असतो. आणि खानदेशातील वर्गात बसलेल्या अनेकांच्या पूर्वजांची नोंद कधीतरी तशाच तक्त्यात झालेली असते. या दोन गोष्टी त्याच्यासमोर एकत्र ठेवणे, हे कादंबरीच्या अभ्यासकाचे काम आहे.