आधी हवा, मग टायर

मातीतली सायकल : लेखांक ७

देवबागच्या संगमावरून सकाळी निघालं, की मालवण ओलांडेपर्यंत चाकाखाली चार जमिनी येऊन जातात. संगमापाशी भुसभुशीत पुळण, तारकर्लीला ओहोटीनं दाबून ठेवलेली ओली वाळू, वायरीत माडांच्या सावलीतलं डांबर आणि कुंभारमाठाची घाटी चढली की जांभ्याचा सडा. या सगळ्याला एक टायर पुरेल का? पुरेल, पण वाटेत दोनदा उतरून हवा कमी-जास्त करायचा कंटाळा नको. महागडा टायर घेऊन त्यात भलतीच हवा भरणारे मी बरेच पाहिले आहेत, म्हणून नक्षीच्या आधी हवेबद्दल.

टायरच्या बाजूला छापलेला पीएसआयचा मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरलीच पाहिजे असं नाही. आपल्याकडे मात्र अंगठ्यानं दाबून टायर जराही दबता कामा नये, असा शिरस्ता. मागे नारळाचं पोतं बांधून डांबरावरून जाणाऱ्या काळ्या सायकलीला तो योग्यच होता. सड्यावर आणि पुळणीवर तो नडतो. हिशेब करून बघा. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर मागच्या चाकावर ५० किलोच्या आसपास येतात. ४० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.८ किलो. याचा अर्थ टायर जमिनीला जेमतेम १८ चौरस सेंटिमीटर टेकलेला असतो. हवा २० वर आणली की हीच जागा जवळजवळ दुप्पट होते. वाळूत चाक रुततं की तरंगतं, हे इथंच ठरतं.

खडबडीत जमिनीवर आणखी एक फायदा. कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, आणि त्या उडण्यात खर्च होते ती ताकद तुमच्याच पायांतली. मऊ टायर खडा पोटात घेऊन पुढे जातो. मऊपणालाही मर्यादा आहे. २.१ इंची टायरात ट्यूब असेल आणि हवा २५ च्या खाली गेली असेल, तर जांभ्याच्या धारेवर चाक आपटताच रिम आणि दगडामध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूबच नसते, त्यामुळे आणखी चार-पाच पीएसआय उतरता येतं. करवंदीच्या काट्याचं भोकही आतलं सीलंट जागच्या जागी बुजवतं. फक्त आपल्या उकाड्यात ते लवकर सुकतं. दर दोन-तीन महिन्यांनी टायर उघडून पाहावं लागतं. माझ्या वजनाला डांबरावर ४०, सड्यावर ३० आणि ओल्या वाळूवर २५ ठीक बसतात. तुम्ही तिथून सुरुवात करा आणि वायच कमी-जास्त करून बघा. खिशात मावणारा गेज मात्र घ्या, अंगठ्यावर विसंबू नका.

आता पुळण. कोरड्या वाळूत नक्षीचा उपयोग शून्य. नक्षीची उंच बटणं उलट वाळू उकरतात. तिथं रुंदीच लागते. अमेरिकेतल्या सर्ली कंपनीनं २००५ मध्ये पग्सली ही सायकल बाजारात आणली, तिचे टायर जवळपास पावणेचार इंच रुंद होते. तेव्हा डोळ्यांसमोर होता अलास्काचा बर्फ, पण तीच युक्ती वाळूलाही लागू पडली. दहाच्या खाली पीएसआय ठेवून असा फॅट टायर कोरड्या पुळणीवर चालतो. पण रोजच्या वापराला तो जड, चढावर दमवणारा. केवळ किनाऱ्यासाठी तो घेण्यापेक्षा पंचांग बघावं, असं माझं मत. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला उजाडताना पाणी सर्वांत आत गेलेलं असतं, आणि घट्ट ओल्या वाळूचा रुंद पट्टा साध्या दोन इंची टायरलाही मोकळा मिळतो. अष्टमीला हा पट्टा अरुंद, शिवाय ओहोटी भर दुपारी. भरतीरेषेच्या वर मात्र चाक नेऊ नका. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं तिथंच अंडी घालतात, आणि चाकोरीत अडकलेल्या पिल्लाला समुद्र गाठणं कठीण होतं. घरी आल्यावर चेन आणि हब गोड्या पाण्यानं धुवायचं, हे सांगायला नकोच.

सड्यावरचा धोका कातळात नाही, कातळावर पसरलेल्या बारीक गोल खडीत आहे. फेब्रुवारी ते मे वळणावर पुढचं चाक सुटतं ते तिच्यामुळे. म्हणून पुढच्या टायरला कडेची बटणं ठसठशीत हवीत, रबरही मऊ हवं. मागे कमी उंचीची, जवळजवळ बसवलेली बटणं चालतात. ती डांबरावर कमी झिजतात. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर बहुधा नाही. दोन टायर वेगवेगळे ठेवण्यात काहीच गैर नाही. कुडोपीच्या सड्यावर मात्र सायकल बाहेर ठेवून पायीच जा, पायाखाली कातळशिल्पं आहेत.

पावसाळ्यात हाच कातळ शेवाळतो, आणि शेवाळ्यावर जगातली कुठलीही नक्षी धरत नाही. उतरून चालावं. पाणंदीतल्या लाल चिखलाला अरुंद टायर बरा, बटणं उंच आणि विरळ. म्हणजे तो खाली घट्ट जमिनीपर्यंत पोचतो आणि फिरता फिरता चिखल झटकतो. रुंद टायर चिखल घेऊन फ्रेममध्येच अडकतो. ओल्या डांबरासाठी नक्षी हवी, हा समज मात्र मोटारीवरून आलेला. सायकलचा टायर अरुंद आणि गोल, आपल्या वेगाला तो पाण्यावर तरंगतच नाही. आंबोलीसारख्या घाटात, जिथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथंही डांबरावर पकड देतं ते रबर. बटणं उलट वळणावर वाकतात. डांबरच जास्त असेल तर मोठ्या बटणांचे टायर घेऊ नका, दिसायला कितीही रुबाबदार असले तरी.

खरेदीला जाताना एक खबरदारी. नुसता ‘२६ चा टायर’ मागू नका. साध्या सायकलीचा २६ × १ ३/८ आणि एमटीबीचा २६ × २.१ यांचे रिम वेगळे. पहिल्याचा व्यास ५९० मिलिमीटर, दुसऱ्याचा ५५९. जुन्या टायरच्या बाजूला ५४-५५९ असा आकडा कोरलेला असतो, तो पाहा. २७.५ ला ५८४, २९ ला ६२२. हा दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिला, म्हणजे रुंदी, फ्रेममध्ये जागा असेल तेवढी वाढवता येते. वॉल्व्ह बारीक प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर जवळ बाळगा. गावातल्या पंक्चरवाल्याची नळी मोटरसायकलच्या वॉल्व्हची असते, आणि वाळूतून वर आल्यावर हवा तर भरावीच लागणार.

(पुढील आठवड्यात : खाऱ्या हवेतले ब्रेक)