पूरकाळासाठी राखलेल्या धान्याचे उंदरांपासून संरक्षण

कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीस पुराचे पाणी नवे नाही. नदीचे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडू लागले म्हणजे तो पर्वकाळ मानून भाविक स्नानास येतात. परंतु २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी आलेल्या महापुरांनी शिरोळ तालुक्यातील अनेक गावांचा संपर्क तोडला व हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. अशा वेळी बाजार बंद पडतो आणि वीज नसल्यामुळे पिठाची गिरणीही थांबते. म्हणून पूरपट्ट्यातील प्रत्येक कुटुंबाने पंधरा दिवस पुरेल इतका शिधा वेगळा राखून ठेवणे अगत्याचे आहे.

हा शिधा पाण्यापासून वाचविण्याची दक्षता आपले शेतकरी घेतात, परंतु उंदरांचा विचार बहुधा मागे पडतो. पाण्याच्या भयाने धान्याची पोती माळ्यावर चढविली जातात, आणि माळा हेच तर घरातील काळ्या उंदराचे आवडते वसतिस्थान होय. पुरापासून वाचविलेले धान्य अशा रीतीने आपणच उंदराच्या दारी नेऊन ठेवतो. यास्तव उंची आणि बंदिस्त भांडे या दोन्ही गोष्टींची जोड घातल्याशिवाय साठा सुरक्षित राहत नाही.

पूर आणि उंदीर यांचा संबंध

आपल्या भागात धान्याला उपद्रव देणारे प्राणी मुख्यतः तीन आहेत. काळा उंदीर भिंती, वासे व दोर यांवरून सहज चढतो. लहान घरउंदीर केवळ सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून आत शिरू शकतो. घूस जमीन पोखरून बिळे करते व ती बांधावर, उसाच्या फडात आणि घराच्या पायाशी आढळते. पुराचे पाणी शेतात पसरले म्हणजे बिळे बुडतात, आणि त्यांतून वाचलेले उंदीर व घुशी उंचावरील वस्तीकडे धाव घेतात. त्यांच्यामागोमाग सापही येतात. उसाचे फड तोडले जातात तेव्हाही आसरा गेल्यामुळे उंदीर घरांकडे वळतात. म्हणजे वर्षातून दोन वेळा विशेष जागरूक राहिले पाहिजे.

उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत वितते व एका वेळी पाच-सहा किंवा अधिक पिले देते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे तो सतत काही ना काही कुरतडतो. तो खातो त्यापेक्षा लेंड्या, मूत्र व केस यांनी नासवतो ते धान्य अधिक असते. त्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू चिखलात व साचलेल्या पाण्यात मिसळतात. पायाला जखम असलेल्या माणसास असे पाणी घातक ठरते.

संकटकाळी उघडे राहिलेले धान्य किती मोठ्या आपत्तीस कारण होऊ शकते, याचे उदाहरण मराठवाड्यात घडले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लोक घरे सोडून तात्पुरत्या निवाऱ्यात राहू लागले आणि घरातील धान्य तसेच पडून राहिले. पुढील वर्षी, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेगच्या संशयित रुग्णांची नोंद झाली. सोडलेल्या घरांतील धान्यावर उंदरांची झालेली बेसुमार वाढ हे त्याचे एक कारण मानले गेले.

साठवणीची साधने

पूर्वापार चालत आलेली कणगी शेणामातीने लिंपलेली असली तरी उंदीर ती पोखरतात. गोणपाटाची व प्लॅस्टिकची पोती तर एका रात्रीत फाटतात. प्लॅस्टिकच्या पिंपाचा काठ व झाकण कुरतडले जाते. कच्च्या विटांची पुसा कोठी कोरड्या गावी उपयुक्त आहे, परंतु पुराच्या पाण्यात तिच्या विटा विरघळतात. पेवाचा तर पूरपट्ट्यात विचारच नको. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीच्या पेवांना २००५ च्या पुराने मोठा फटका बसला.

सारांश, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी हेच खात्रीचे साधन होय. मात्र मोठी कोठी पाणी वाढू लागल्यावर हलविता येत नाही. म्हणून पूरकाळाचा शिधा तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत भरावा. १५ किलो तेलाच्या डब्यात सुमारे १२ किलो धान्य मावते व एका माणसास तो उचलता येतो. डबे सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावेत आणि तोंडास घट्ट बसणारे पत्र्याचे झाकण करून घ्यावे.

पाच माणसांच्या कुटुंबास दररोज दोन किलो धान्य व चारशे ग्रॅम डाळ धरल्यास पंधरा दिवसांसाठी तीस किलो धान्य व सहा किलो डाळ लागेल. म्हणजे धान्याचे तीन डबे व डाळीचा एक डबा पुरेसा होतो. गिरणी बंद राहणार हे ध्यानी घेऊन ज्वारीपेक्षा तांदळाचे प्रमाण अधिक ठेवावे. पोहे, फुटाण्याचे डाळे, गूळ व मीठ हेही लहान डब्यांत असावे. धान्य दाताखाली कट्कन फुटेल इतके वाळवून व थंड करूनच भरावे.

डबे ठेवण्याची जागा

डबे मागील पुराच्या खुणेपेक्षा उंच जागी ठेवावेत. ते भिंतीपासून दोन फूट दूर, फळीवर एका रांगेत मांडावेत, म्हणजे मागे उंदरांना लपण्यास जागा राहत नाही व रोज नजर ठेवता येते. कौलारू घरात कौले व भिंत यांमधील फटी पत्र्याने किंवा सिमेंटने बुजवाव्यात. झरोक्यांना सहा मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची लोखंडी जाळी लावावी.

ज्या घरात माळा नाही तेथे आपले जुने शिंकेच थोडा बदल करून वापरावे. दोराऐवजी तार घ्यावी व तारेच्या मध्यावर दीड फूट व्यासाची पत्र्याची चकती बसवावी. वरून उतरणारा उंदीर चकतीवरून घसरून खाली पडतो.

उंदरांचा नाश

पिंजरे व चाप भिंतीच्या कडेने लावावेत. भाकरीचा तुकडा, भजी किंवा खोबरे हे आमिष उत्तम. पहिले दोन-तीन दिवस पिंजरा उघडाच ठेवून उंदरांची भीड चेपू द्यावी, मग खटका लावावा. एकाच घराने हे काम करून उपयोग नाही. सर्व गल्लीने एकाच आठवड्यात मोहीम घेतली तरच फळ मिळते.

विषारी आमिष धान्याजवळ, स्वयंपाकघरात किंवा माळ्यावर कधीही ठेवू नये. पूर येण्याची चिन्हे असताना तर घराबाहेर ठेवलेले विषही उचलून घ्यावे, कारण ते पाण्यात मिसळून माणसे व जनावरे यांना अपाय होतो. शेतातील बिळांसाठी झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमॅडिओलोन वापरावयाचे झाल्यास कृषि विभागाच्या सल्ल्यानेच वापरावे. धान्यात घालावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून निघणारा वायू प्राणघातक आहे. राहत्या घरात त्यांचा वापर मुळीच करू नये.

पूर ओसरल्यानंतर

घरी परतल्यावर डबे तपासावेत. पाण्यात बुडालेल्या डब्यातील धान्य खाऊ नये. बुरशी आलेले धान्य जनावरांनाही घालू नये, ते खोल पुरावे. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. त्यांवर ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून, हातमोजे घालून त्या गोळा कराव्यात. मेलेले उंदीरही हातमोजे घालूनच उचलावेत व पुरावेत.

रब्बीची ज्वारी घरात आली म्हणजे डबे भरावेत, मृग नक्षत्रापूर्वी एकवार तपासावेत, पावसाळ्यात दर पंधरवड्यास पाहावेत आणि दिवाळीनंतर ते धान्य वापरून टाकावे. नदीचे पाणी थोपविणे कोणा एका शेतकऱ्याच्या हाती नाही. पण पत्र्याच्या चार डब्यांची व्यवस्था प्रत्येकाच्या हाती आहे. संकटाच्या दिवसांत मुलाबाळांच्या पानात स्वच्छ अन्न पडावे, यासाठी पूरपट्ट्यातील शेतकरी बंधुभगिनींनी ही तयारी पावसाळ्यापूर्वीच पुरी करावी.