पुण्याची परिसंस्था आणि वरवट बकालचं आकाश

२ एप्रिल २०२२ ला गुढीपाडवा होता. त्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे एकामागोमाग सरकत गेले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भली मोठी कडी येऊन पडली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. प्रत्यक्षात ते चीनच्या एका रॉकेटचे वातावरणात परतणारे अवशेष होते, असं जाणकारांनी सांगितलं. अशा रात्री जवळपास विचारता येईल असा माणूस असणं फार मोलाचं असतं. मराठी मुलखात अशी माणसं घडवण्याचं काम ज्या संस्थांनी केलं, त्यांत पहिला मान पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचा.

२२ ऑगस्ट १९४४ ला ती स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था म्हणून ती ओळखली जाते. टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात तिचा मुक्काम आहे. व्याख्यानं, प्राथमिक अभ्यासवर्ग, शहराबाहेर जाऊन रात्रभर आकाश बघणं, ग्रहणाच्या दिवशी लोकांना सुरक्षित चष्म्यातून सूर्य दाखवणं, अशी ही कामं आहेत. ती करणाऱ्यांचं पोट बहुधा दुसऱ्याच व्यवसायावर चालतं. आकाशासाठी ते संध्याकाळ आणि रात्र देतात.

या हौसेचं मोल कळायला त्याआधीची गोष्ट माहीत हवी. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून ती उभी राहिली आणि तिथे २० इंची परावर्ती दुर्बीण आली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्राण. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण त्यांनी सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून टिपलं आणि त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. १९१२ ला ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. उपकरणं कोडाईकनालला गेली. पुढं त्या दुर्बिणीला तामिळनाडूतल्याच कावलूरला जागा मिळाली आणि भावनगर दुर्बीण हे नाव तिनं तिथंही टिकवलं. राजाचं धन आणि सरकारी कॉलेजाचं छत्र असलेली वेधशाळा एका माणसाबरोबर संपली. वर्गणीवर चालणारी परिसंस्था मात्र ऐंशी वर्षं ओलांडून उभी आहे. माझ्या मते मराठी खगोलाच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे: जे एका माणसाच्या हाती होतं ते गेलं, जे अनेकांनी वाटून घेतलं ते राहिलं.

१९८५-८६ ला हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं. मुंबईबाहेर वांगणीला रात्रभर चालणाऱ्या त्यांच्या कार्यक्रमांनी कितीतरी मुंबईकरांना पहिल्यांदा खरं आकाश दाखवलं. व्यावसायिक शास्त्रज्ञांसाठी ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया १९७२ पासून आहे. आयुका ही विद्यापीठांसाठीची खगोलशास्त्र संस्था १९८८ ला पुण्यात आली. तिचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर जागतिक कीर्तीचे शास्त्रज्ञ असूनही मराठीतून लिहीत, शाळकरी मुलांशी बोलत राहिले, त्यामुळे हौशी मंडळी आणि शास्त्रज्ञ यांच्यातलं अंतर पुष्कळ कमी झालं. माणसं जोडण्याचं असंच काम अर्मेनियासारख्या छोट्या देशानंही केलं. विक्टर अंबार्त्सुमियन यांनी १९४६ ला उभारलेल्या ब्युराकान वेधशाळेची परंपरा पाठीशी असलेली तिथली राष्ट्रीय खगोल संस्था जगभर विखुरलेल्या अर्मेनियन खगोलशास्त्रज्ञांना एकत्र बांधून ठेवते.

आपली विखुरलेली माणसं मात्र परदेशापेक्षा आपल्याच तालुक्यांत जास्त आहेत. पुण्याच्या पेठांतून आता आकाशगंगा दिसत नाही. संस्था शहरात आहे आणि तिला हवं ते आकाश खेड्यात आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं वरवट बकाल घ्या. शेगावहून उत्तरेला सातपुड्याच्या दिशेनं गेलं की हे गाव लागतं. इथं ध्रुवतारा क्षितिजापासून २१ अंशांवर असतो, पुण्यापेक्षा अडीच अंश उंच. हिवाळ्यात दक्षिणेला अगस्ती जेमतेम १६ अंशांपर्यंत चढतो. याच जिल्ह्यात दक्षिणेकडे लोणार आहे, आकाशातून आलेल्या दगडानं बेसॉल्टमध्ये पाडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर.

पुणे आणि वरवट बकाल यांना जोडायला दुर्बीणसुद्धा लागत नाही. २५ मेच्या आसपास दुपारी बारा वीसच्या सुमारास वरवट बकालमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात हा शून्य सावलीचा दिवस १३ मेच्या सुमारास होऊन गेलेला असतो. त्यामुळे २५ मेला पुण्यात सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला जातो आणि एक मीटरच्या काठीची सावली दक्षिणेकडे ४.४ सेंटिमीटर पडते. त्यावरून कोन निघतो अडीच अंश. वर्तुळाच्या ३६० अंशांत असे १४४ तुकडे बसतात. दोन्ही गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर, नुसतं अक्षांशांतलं, नकाशावरून साधारण २७७ किलोमीटर भरतं. त्याला १४४ ने गुणलं की पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या जवळपास येतो. एराटोस्थेनिसनं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये असाच हिशेब केला होता.

परिसंस्थेच्या एका सभासदानं पुण्यात काठी धरावी आणि वरवट बकालच्या मुलांनी गावात. पुण्यातली मध्यान्ह अकरा-बारा मिनिटं उशिरा येते, तेव्हा दोघांनी आपापल्या मध्यान्हीलाच माप घ्यायचं. मे महिन्यात शाळांना सुट्टी आणि ऊन कडक, ही अडचण खरी. दुसरी संधी १८ जुलैच्या आसपास येते, पण तेव्हा ढग असतात. म्हणून मे महिनाच धरावा. काठी ओळंब्यात उभी हवी, आणि गवंड्याकडे ओळंबा प्रत्येक गावात असतो.