लगाम कधी सोडायचा?

२०१२ साली सिडनी विद्यापीठातले कॅथ हेनशॉल आणि पॉल मॅकग्रीव्ही यांनी काही घोड्या गोल कुंपणात सोडल्या आणि आत रिमोटवर चालणारी एक खेळण्यातली मोटार पाठवली. घोडी लांब पळाली की मोटार तिच्या मागे लागे. घोडीने मोटारीकडे तोंड वळवलं किंवा ती जवळ आली, की मोटार जागच्या जागी थांबे. थोड्या वेळाने घोड्या मोटारीसमोर बऱ्याच अंशी तशाच वागू लागल्या, जशा त्या रिंगणातल्या नावाजलेल्या प्रशिक्षकासमोर वागतात. हुबेहूब नव्हे, पण विचारात पाडण्याइतपत.

प्रयोग पोरकट वाटेल. त्याचा रोख मात्र गेली तीस-चाळीस वर्षं जगभर गाजलेल्या एका गोष्टीवर होता. घोड्याला न मारता, न बांधता, त्याच्याच भाषेत बोलून त्याचा विश्वास मिळवायचा, ही ती गोष्ट. अमेरिकेत हिला ‘नॅचरल हॉर्समनशिप’ म्हणतात. घोडा आपल्याला कळपाचा म्होरक्या मानतो म्हणून आपल्या मागे येतो, असं तिचे प्रचारक सांगत आले. खेळण्यातल्या मोटारीला कुणी म्होरक्या मानेल का, असा सिडनीकरांचा खवचट सवाल होता.

रिंगण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वारी येते. हे रिंगण निराळं. पन्नास-साठ फूट व्यासाचं, उंच कुंपणाचं, आणि मध्यभागी एकच माणूस. तो घोड्याला दोर न लावता कडेकडेने पळवतो. खांदे ताठ, नजर थेट घोड्यावर. काही फेऱ्यांनंतर घोड्याचा आतल्या बाजूचा कान माणसाकडे वळतो, मान खाली येते, तो ओठ चाटू लागतो, रिकामंच तोंड हलवतो. तेवढं दिसताच माणूस नजर काढून घेतो आणि अंग तिरकं करून पाठमोरा होतो. घोडा थांबतो, विचार केल्यासारखा उभा राहतो, मग चालत येऊन माणसाच्या खांद्यापाशी नाक आणतो. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टी रॉबर्ट्स यांनी याला ‘जॉइन-अप’ हे नाव दिलं, १९८९ साली इंग्लंडच्या राणीने त्यांना विंडसरला बोलावून हे प्रात्यक्षिक पाहिलं आणि १९९६च्या त्यांच्या पुस्तकाने ही पद्धत घरोघर पोचवली. नेवाडातल्या रानटी मुस्टँग घोड्यांच्या कळपात वडीलधारी घोडी मस्तीखोर शिंगराला कळपाबाहेर हाकलते आणि ते नमलं की परत घेते. हेच आपण रिंगणात करतो, असं त्यांचं स्पष्टीकरण.

हे स्पष्टीकरण एकेका टप्प्यावर तपासलं गेलं. जर्मनीच्या कॉन्स्टान्झ क्रूगर यांना २००७ मध्ये दिसलं की रिंगणात माणसाच्या मागे येणारे घोडे मोकळ्या कुरणात त्याच माणसाच्या मागे येतीलच असं नाही. ओठ चाटण्याचं तर शरणागती म्हणून किती कौतुक झालं! इक्वेडोरमधल्या मोकाट घोड्यांचं निरीक्षण करणाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की हाकलणारा घोडासुद्धा ओठ चाटतो. ताण ओसरून अंग सैल पडताना होणारी ती हालचाल आहे, नमस्कार नव्हे. आणि कळपाचा एकच म्होरक्या असतो ही कल्पनाही टिकली नाही. कळप हलवण्याची सुरुवात वेगवेगळे घोडे करताना आढळले.

मग या प्रशिक्षकांच्या हातात बुजरे, लाथाळ घोडे शांत होतात ते ढोंग आहे का? मुळीच नाही. माझं मत असं की या लोकांचे हात खरे होते, त्यांची गोष्ट चुकीची होती. आणि हातांचं कसब ज्यांच्याकडून आलं, त्यांनी गोष्ट फारशी सांगितलीच नव्हती.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गुरांच्या कुरणांवर नवा घोडा तयार करायची सरसकट रीत अशी: जनावर खांबाला जखडायचं, खोगीर आवळायचं, एकाने वर चढायचं आणि ते उड्या मारून, घामाने निथळून, दमून हरेपर्यंत उतरायचं नाही. दोन-चार दिवसांत काम फत्ते. कामाला घोडे भरपूर लागत, एखादा जायबंदी झाला तर दुसरा होता. याच मुलखात एक जुनी, सावकाश परंपराही होती. स्पॅनिश अमलातल्या कॅलिफोर्नियाच्या वाकेरो गुराख्यांची. ते सुरुवातीला घोड्याच्या तोंडात लोखंड घालतच नसत. नाकावरून जाणाऱ्या चामडी वेढ्याच्या हॅकमोरवर तो तयार होई, मग काही काळ दोन्ही लगाम, आणि शेवटी कडियाळं. याला वर्षं लागत. तयार झालेला घोडा मात्र बोटाच्या इशाऱ्यावर फिरे.

ओरेगॉनमध्ये वाढलेले बिल डॉरन्स (१९०६–१९९९) आणि त्यांचे धाकटे भाऊ टॉम (१९१०–२००३) याच परंपरेचे वारस. टॉम बुटके, मितभाषी. त्यांना विचारलं की ‘अमुक घोडा असं का करतो’, तर उत्तराऐवजी ते उलट प्रश्न विचारत. तुमच्या अंगात तेव्हा काय चाललेलं असतं? घोड्याला त्या क्षणी काय वाटत असेल? साठीच्या दशकाच्या आसपास आयडाहोचे रे हंट (१९२९–२००९) हॉन्डो नावाचा एक घोडा घेऊन त्यांच्यापर्यंत पोचले. हॉन्डो लाथा झाडायचा, उड्या मारायचा, स्वाराला पाडायचा. हंट हे स्वतः निष्णात स्वार. घोड्यावर टिकून राहणं त्यांना येत होतं, घोड्याचं ऐकून घेणं येत नव्हतं. डॉरन्स यांच्या सल्ल्याने हॉन्डो बदलला आणि हंटही. पुढे हंट यांनी गावोगाव शिबिरं घेतली. घोड्याच्या बाजूने आपण इथे आलो आहोत, हे ते सुरुवातीलाच सांगून टाकत. चुकीची गोष्ट घोड्याला अवघड करून ठेवा, बरोबर गोष्ट सोपी, ही त्यांच्या शिकवणीची गुरुकिल्ली. यात कुठे म्होरक्या नाही की कळपाची राणी नाही.

ही किल्ली प्रत्यक्षात कशी फिरते ते पाहण्यासारखं आहे. समजा घोड्याला एक पाऊल मागे घ्यायला शिकवायचं आहे. मोहरकीचा दोर त्याच्या छातीच्या दिशेने हलकाच ताणायचा आणि तसाच धरून ठेवायचा. घोडा मान वर करेल, डावीकडे-उजवीकडे झटकेल, पुढे रेटेल. दाब वाढवायचा नाही, सोडायचाही नाही. मग कधीतरी, जवळजवळ चुकून, तो वजन मागच्या पायांवर टाकेल. पाऊल अजून उचललेलंही नसेल. नेमका त्या क्षणी दोर सैल! घोड्याला बक्षीस मिळालं ते हे. दुसऱ्या वेळी तो तेच लवकर करतो, पाचव्या वेळी पाऊल टाकतो, आणि काही दिवसांनी दोर ताणावाच लागत नाही. माणसाचा श्वास आणि खांदे पुरतात. ज्या जनावराची कातडी एक माशी बसली तर तेवढ्याच जागी थरथरते, त्याला जोर कशाला लागावा?

सगळी मेख वेळेत आहे. दाब काहीच शिकवत नाही. दाब कधी सुटला ते शिकवतं. दोन सेकंद उशीर झाला की घोडा भलतंच शिकतो. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि घाबरून आपण लगाम सोडला, तर उभं राहिल्याने सुटका होते हा धडा त्याला आपणच दिलेला असतो. आणि घोड्याने सांगितलेलं केलं तरी लगाम ताणलेलाच राहिला, तर तो शिकतो की काहीही केलं तरी सुटका नाही. मग तो तोंडाने बधिर होतो, आणि मालक म्हणतो, घोडा अडेल आहे. खेळण्यातल्या मोटारीचं यश यातच होतं. ती योग्य वेळी थांबत होती.

मग यात प्रेमाचा भाग कुठे, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, कारण दाब-सुटका म्हणजे शेवटी त्रास देऊन तो थांबवणं. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठात कॅरोल सँकी आणि सहकाऱ्यांनी कोवळ्या घोड्यांना दाण्याचं बक्षीस देऊन शिकवलं. कित्येक महिन्यांनीही ते घोडे माणसाजवळ आपणहून येत, आणि अनोळखी माणसाजवळही. त्यामुळे हल्ली अनेक जाणते प्रशिक्षक दोन्ही गोष्टी मिसळतात. पण दाणा चारून झालेली मैत्री आणि विश्वास यांत फरक आहे. विश्वास म्हणजे पुढे काय होणार हे घोड्याला आधीच ठाऊक असणं. आज एक, उद्या दुसरं असं वागणाऱ्या लाडक्या मालकापेक्षा रोज एकसारखं वागणारा कोरडा मोतद्दार घोड्याला जास्त आवडत असावा, असा माझा संशय आहे.

आत्मविश्वासाचं काय? तो आधी कुणाचा हवा, याचं उत्तर स्वीडनमध्ये मिळालं. लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग छापला. माणसांनी घोड्याला हाताने चालवत किंवा वर बसून एकाच वाटेवरून चार वेळा न्यायचं होतं. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं की आता घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही. घोड्याला छत्रीबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चतुर हान्स’ नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवी. १९०७मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी शोधून काढलं की बरोबर आकड्याला प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलतं आणि हान्स तेवढ्यावर थांबतो. तो गणितात ढ होता, माणसं वाचण्यात पंडित. तेव्हा ‘घाबरू नकोस’ असं घोड्याला सांगत आपण स्वतः लगाम मुठीत घट्ट धरला, तर तो आपल्या मुठीवर विश्वास ठेवतो.

भीती घालवायची पद्धतही तपासली गेली आहे. डेन्मार्कमध्ये यान्ने विंथर क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या नवख्या घोड्यांना पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय लावली. काहींना पूर्ण फडफडती पिशवी रोज दाखवली, काहींना पिशवीसोबत खाऊ दिला, काहींना अगदी हळूहळू, पायरीपायरीने तिच्याजवळ नेलं. पायरीपायरीची रीत सरस ठरली. त्या गटातला प्रत्येक घोडा शांत झाला, बाकी गटांतले काही झालेच नाहीत. त्याच मंडळींनी नंतर दाखवलं की सरावलेला शांत घोडा सोबतीला असेल तर नवखा कमी बुजतो. नव्याला जुन्या घोड्याच्या जोडीने चालवणाऱ्या चाबूकस्वारांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नव्हती, हे खरंच. पण जनावर जखडून त्याच्या अंगावर पिशव्या झटकत राहायचं आणि ते निपचित झालं की ‘बघा, शांत झाला’ म्हणायचं, ही रीतही तितकीच जुनी आहे. निपचित होणं आणि निवांत होणं बाहेरून सारखंच दिसतं.

ही गल्लत जुनी आहे. ओहायोचे जॉन रेरी (१८२७–१८६६) यांनी १८५८ साली इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीपुढे घोडे वठणीवर आणून दाखवले. क्रूझर नावाचा भयंकर खुनशी घोडा त्यांनी काही तासांत मवाळ केला. दयेची पद्धत म्हणून तिचा बोलबाला झाला. चाबूक नव्हता हे खरं, पण घोड्याचा पुढचा पाय पट्ट्याने दुमडून बांधलेला असे आणि त्याला दमवून जमिनीवर आडवं केलेलं असे. जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी बाजार आणखी वाढला. १९९५ साली निकोलस इव्हान्स यांची ‘द हॉर्स व्हिस्परर’ ही कादंबरी आली, १९९८मध्ये रॉबर्ट रेडफर्डचा चित्रपट, आणि मागोमाग रंगीत काठ्या, पातळ्यांची प्रमाणपत्रं, महागडे अभ्यासक्रम. यातलं बरंचसं मला दिखाऊ वाटतं.

त्या चित्रपटाला सल्ला देणारे बक ब्रॅनमन मात्र वेगळे. हे रे हंट यांचे शिष्य. लहानपणी वडिलांचा बेदम मार खाल्लेला, मग माँटानातल्या एका पालक कुटुंबात वाढलेला माणूस. २०११ साली त्यांच्यावरचा ‘बक’ हा माहितीपट सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा ठरला. घोडा बिघडवणारी माणसं असतात आणि घोड्याच्या वागण्यात मालकाचं घर दिसतं, हे त्यात ते फार आरडाओरडा न करता दाखवून देतात. मार खाल्लेल्याने मारायचं नाही असं ठरवलं, की त्याच्या हातात येणारी मृदुता ही भाबडी नसते.

आता आपल्याकडे वळू. वरातीतली घोडी आठवा. कानाशी ताशा, डोळ्यांवर दिवे, पायांत फटाके, पाठीवर अनोळखी नवरदेव. भीतीवर पायरीपायरीने उपाय करायला वेळ कुणाला? म्हणून अनेक घोड्यांच्या तोंडात काटेरी कडियाळं असतं, म्हणजे जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांत टोचणारे खिळे लावलेली सळई. घोडी नाचते असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ती टोचणीपासून पळत असते. आणि तिला पळायला जागा नसते. घोडेवाल्याला दुष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्याला सावकाश तालमीचे पैसे कुणी देत नाही, वरातीत घोडी उधळली तर मार मात्र त्याला पडतो. माथेरानला, जिथे मोटारी चालत नाहीत, घोड्यावर पोट असलेली कित्येक कुटुंबं आहेत. आपलं जनावर त्यांना आपल्याहून चांगलं कळतं.

कायदा मात्र स्पष्ट आहे. ओझेवाहू आणि ओढकाम करणाऱ्या जनावरांबद्दलच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांतला आठवा नियम काटेरी कडियाळं वापरायला सरळ मनाई करतो. साठ वर्षं झाली. तेव्हा पुढच्या वेळी लग्नाला घोडी ठरवताना, किंवा थंड हवेच्या ठिकाणी पोराला घोड्यावर बसवण्याआधी, तोंडातलं लोखंड बघायला मागा. खिळे दिसले तर बसू नका, आणि कारण घोडेवाल्याला नीट सांगा. साधं कडियाळं दिसलं, तर ठरल्यापेक्षा चार पैसे जास्त द्या.