पिटबुल पाळायचाय? आधी घर बघा, मग गल्ली बघा

छत्रपती संभाजीनगर : राखणीला कुत्रा हवा म्हटले की तरुणांच्या तोंडी लगेच पिटबुलचे नाव येते. रुंद छाती, चौकोनी डोके, गळ्यात जाड पट्टा. रीलमध्ये हे सगळे भारी दिसते. पण मुकुंदवाडीसारख्या दाट वस्तीत, जिथे दोन घरांची भिंत एक आणि दार उघडले की थेट गल्ली, तिथे हा कुत्रा पुढची बारा-चौदा वर्षे सांभाळणे म्हणजे काय, हे पिल्लू विकणारा सांगत नाही.

हा कुत्रा आला कुठून?

पिटबुल हा टेरियर कुळातला. लॅटिनमध्ये ‘टेरा’ म्हणजे जमीन. बिळात घुसून उंदीर, कोल्हे बाहेर काढणारे ते टेरियर. इंग्लंडमध्ये या चपळ कुत्र्यांचा बुलडॉगशी संकर झाला. तिथे बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ चालायचा. १८३५ च्या कायद्याने तो बंद झाला, तेव्हा शौकिनांनी खड्ड्यात कुत्र्यांच्याच झुंजी लावायला सुरुवात केली. ‘पिट’ म्हणजे तोच खड्डा. पुढे स्थलांतरितांबरोबर ही जात अमेरिकेत गेली आणि १८९८ मध्ये युनायटेड केनेल क्लबने ‘अमेरिकन पिटबुल टेरियर’ म्हणून तिची नोंद केली.

स्वभावाचे कोडे या इतिहासातच सुटते. झुंज चालू असताना मालकाला खड्ड्यात उतरून कुत्रा हाताने धरावा लागे, त्यामुळे माणसाला चावणारा कुत्रा नकोसाच असे. म्हणून नीट वाढवलेला पिटबुल घरच्यांना कमालीचा लाडिक असतो, अनोळखी पाहुण्यापुढेही शेपूट हलवतो. त्याच क्लबच्या जातवर्णनात हा राखणीसाठी फारसा योग्य नाही, असेच म्हटले आहे. म्हणजे ज्या कामासाठी तो आणला जातो, त्यातच तो कच्चा! राखणच हवी असेल तर दारातले गावठी कुत्रे जास्त सावध. ते फुकट मिळते, आपला उन्हाळाही सोसते.

खरी अडचण इतर प्राण्यांची आहे. गल्लीतली मोकाट कुत्री, शेजाऱ्याची शेळी, कोंबड्या, मांजर यांच्यावर तो झेपावू शकतो, आणि एकदा धरले की सोडत नाही. त्याचा जबडा ‘लॉक’ होतो ही मात्र निव्वळ दंतकथा. तसे कुठलेही हाड किंवा सांधा नसतो. असते ती ताकद आणि चिकाटी. दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये साखळीला बांधलेला, माणसांत न मिसळलेला कुत्रा कोणत्याही जातीचा असो, बिथरतोच. फरक इतकाच, की पिटबुल बिथरला तर इजा मोठी होते. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा मृत्यू झाला होता.

बंदी आहे की नाही?

व्हॉट्सॲपवर दोन्ही उत्तरे फिरतात. घडले ते असे : १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने राज्यांना पत्र पाठवून पिटबुलसह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितले. आधीपासून पाळलेल्या अशा कुत्र्यांची नसबंदी करावी, असेही त्यात होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते परिपत्रक रद्द केले. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढले, हे त्यामागचे मुख्य कारण. त्यानंतर केंद्राने लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या. त्यामुळे पिल्लू घेण्यापूर्वी महापालिकेकडे सध्याचा नियम आणि परवान्याची चौकशी करावी.

बंदी असो-नसो, जबाबदारी सुटत नाही. पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कुत्र्यांची झुंज लावणे हा तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे.

खरेदीतही फसगत होते. २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया पिटबुल ही जात मानत नाही, त्यामुळे तिच्या नावाने कुणी पिटबुलचे ‘पेपर’ दाखवले तर तिथूनच परत फिरावे. मूळ जातीतला नर साधारण १६ ते २७ किलोचा असतो. त्याहून फार अवजड कुत्रा बहुधा अमेरिकन बुली किंवा संकर असतो.

आणलाच असेल तर?

पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचे असताना जे पाहते, ते त्याला आयुष्यभर ओळखीचे वाटते. लहान मुले, रिक्षा, मुकुंदवाडी स्टेशनवरून जाणारी रेल्वे, मंडईची गर्दी हे सगळे त्याला याच वयात लांबून, कडेवर घेऊन दाखवा. पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, रेबीजची तीन महिन्यांनंतर. पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. लस पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर खाली सोडू नका.

आपल्याकडचा उन्हाळा या कुत्र्याला जड जातो. एप्रिल-मे मध्ये फिरवणे सकाळी सातच्या आत आणि रात्रीच. रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतील. नळाला रोज पाणी नसलेल्या घरात कुत्र्यासाठी वेगळी घागर भरून ठेवावीच लागते. धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, पाय लटपटू लागले, की सावलीत नेऊन साधे पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. आंघोळीच्या वेळी कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा; गोचिडाचा ताप अंगावर काढला तर जीव जातो. नुसत्या दूध-भाकरीवर याचे भागत नाही, अंडी किंवा उकडलेले चिकन हवे. मात्र शिजलेली हाडे आणि कांदा कधीच नको.

घराबाहेर नेताना पट्टा मोठ्या माणसाच्याच हातात हवा, आणि तोंडाला जाळी. लहान मुलाजवळ त्याला एकटे सोडू नका. तरीही कुणाला चावलाच, तर जखमेवर तिखट किंवा हळद न लावता ती वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी घाटी रुग्णालयात जा. कुत्र्याला लस दिलेली असली, तरीही.