जाम नदीकाठची समजूत

पोळा हा बैलांचा सण. त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते आणि गल्लोगल्लीची पोरे लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. त्याच दिवशी, नागपूरच्या वायव्येला मध्यप्रदेशातील पांढुर्णा येथे, जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठावर सावरगावचे लोक जमतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकमेकांवर दगडगोटे भिरकावतात. हीच ती गोटमार.

पद्धत अशी. सावरगावकर पळसाचे झाड आणून नदीच्या मधोमध रोवतात व त्यावर निशाण बांधतात. पांढुर्णेकरांनी दगडांच्या वर्षावातून पुढे जाऊन ते कुऱ्हाडीने तोडायचे आणि सावरगावकरांनी ते राखायचे. शेवटी ते निशाण चंडीमातेच्या देवळात अर्पण होते. मूळ कथा प्रेमाची सांगतात. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडू लागला, दोन्हीकडून दगड आले आणि दोघेही पाण्यातच गेली. हा भोसलेकाळातील सैनिकांचा सराव होता, असेही कोणी म्हणतात. कथा कोणतीही खरी असो, दगड मात्र खरे आहेत. १९५५ पासूनच्या काळात बारांहून अधिक माणसे यात दगावली. दरवर्षी जखमींची संख्या शेकड्यांत मोजावी लागते. कोणाचा डोळा जातो, कोणाचा पाय. सबंध गाव उत्सवात असताना काही घरांत तो दिवस सुतकासारखा पाळला जातो.

बाहेरच्या माणसाला वाटते, या दोन वस्त्यांत हाडवैर असावे. तसे मुळीच नाही. दोन्हीकडे बोली तीच, देवी तीच, संत्र्या-कापसाचा बाजार तोच. सोयरिकीही होतात. एरवी वर्षभर नदी ओलांडून जाणेयेणे चालू असते. मग भांडण आहे ते कोणाचे? माझ्या मते ते दोन काठांचे नाहीच. एका बाजूला दोन्ही काठ आणि दुसऱ्या बाजूला सरकार, असे ते भांडण आहे, आणि आजवरच्या उपायांना यश का आले नाही याचे उत्तर येथेच सापडते.

सरकारने काय काय केले नाही? १९७८ आणि १९८७ साली पोलिसांनी गोळीबार केला. या शतकाच्या आरंभी दगडांऐवजी रबरी चेंडू आणून दिले. लोकांनी चेंडू बाजूला सारले आणि नदीतले गोटे उचलले. जमावबंदीचे हुकूम निघाले, गोफणीला मनाई झाली, अलीकडे आकाशातून टेहळणीही होते. सणापूर्वी शांतता समितीची बैठक भरते, सर्वजण माना डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी गोटमार होतेच. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरी दाराशी आली, तरी दगड थांबले नाहीत.

चेंडू देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण त्याने आधी विचारले नव्हते. मध्यस्थीच्या कामात पहिली पायरी उपाय सांगण्याची नसते, ती ऐकण्याची असते. माणूस तोंडाने हट्ट सांगतो आणि मनात गरज ठेवतो. 'दगड मारणारच' हा हट्ट झाला. त्याच्या पाठीमागे पूर्वजांचा मान असेल, देवीची भीती असेल, वर्षातून एक दिवस आपले गाव जगाच्या डोळ्यांत भरते हा अभिमान असेल, किंवा दगड खाऊन न डगमगणाऱ्या तरुणाला मिळणारी शाबासकी असेल. यातील कोणत्याही गरजेची तहान रबरी चेंडूने भागत नाही. आणि ज्याच्या हाती अटकेचा हुकूम आहे, त्याच्यापुढे मनातली गरज कोण बोलून दाखवील? हुकूम काढणारा हा पक्षकार असतो, त्याला मध्यस्थ होता येत नाही.

मी गाणे शिकवतो, म्हणून एक गोष्ट येथे सुचते. रागात न बसणाऱ्या स्वराला आपल्याकडे विवादी म्हणतात, पण जाणता गवई त्याला सरसकट हद्दपार करीत नाही. केदारात कोमल निषाद तो असा हळूच लावतो की रागाचे रूप उलट खुलते. विवादाला जागा किती, केव्हा आणि कोणाच्या हाताने द्यायची, एवढेच त्याला कळलेले असते. गोटमारीतही ईर्षा सबंध पुसून टाका म्हणणे व्यर्थ आहे. तिला मापात बसवणारा जाणता मात्र हवा.

तो कोठून आणावा? महाराष्ट्रात २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती गावचे तंटे गावातच मिटावेत याच विचाराने. संसदेने २०२३ साली केलेल्या मध्यस्थीच्या कायद्यातही परिसराची शांतता बिघडवणाऱ्या वादांसाठी उभय पक्षांच्या संमतीने सामुदायिक मध्यस्थीची सोय आहे. वाट आहे, त्या वाटेने जाणारी माणसे पाहिजेत. दोन्ही काठांना मान्य असलेला एखादा वृद्ध, जखमा शिवून थकलेला एखादा डॉक्टर, आणि जिचा मुलगा या नदीत गेला अशी एखादी आई, अशा तिघांनी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात न बसता होळीपासूनच घरोघर बसावे. प्रत्येक काठाचे म्हणणे वेगळे ऐकावे आणि ते दुसऱ्या काठाला त्याच्याच शब्दांत सांगावे. सरकारने तोवर बाहेर थांबावे आणि जे ठरेल ते पाळले जाईल एवढे पाहावे.

हे अशक्य म्हणणाऱ्यांना गोटमारीचाच एक रिवाज दाखवावासा वाटतो. एखाद्या वर्षी सूर्यास्तापर्यंत झाड तुटत नाही. तेव्हा दोन्हीकडची मंडळी पुढे येतात, आपसांत समजूत करतात आणि निशाण देवळात पोचवतात. देवी कोपत नाही, कोणाचे नाकही कापले जात नाही. म्हणजे बोलून मिटवण्याची रीत या परंपरेच्या पोटातच आहे, ती बाहेरून कोणी आणावी लागणार नाही. फक्त तिची वेळ रक्त सांडल्यानंतरची आहे. संध्याकाळी जी समजूत होते, ती सकाळी पळस रोवतानाच का होऊ नये, हा प्रश्न दोन्ही काठांनी एकमेकांना विचारायचा आहे.